गणिती मुलांचे वाली

चाळीसगावपासून काही कोसांवर, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या पाटणे या गावी शके ११२८ मध्ये, म्हणजे इसवी सन १२०७ साली कोरलेला एक शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. यादव नृपती सिंघण याच्या पदरी ज्योतिषी असलेल्या चांगदेवाने आपले पितामह भास्कराचार्य यांचे सिद्धान्तशिरोमणिप्रभृती ग्रंथ पढविले जावेत एतदर्थ मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशातील मांडलिक सोइदेव याने त्या मठास दान दिले, असे त्यात नमूद आहे. (हा चांगदेव म्हणजे वाघावर बसून ज्ञानेश्वरांच्या भेटीस निघालेला योगी नव्हे, तो पुढचा.) लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात असला तरी शेवटच्या ओळी मात्र तत्कालीन मराठीत आहेत, कारण त्या तेल्या-वाण्यांना उद्देशून आहेत: बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर मठाचा हक्क किती आणि गावात जितके घाणे चालतील तितक्यांमागे पळी पळी तेल कसे द्यावयाचे, याचा तो तपशील आहे. ग्रहगणित आणि बीजगणित शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या योगक्षेमासाठी गावच्या तेल्याने पळीभर तेल द्यावे, आणि ते त्याने द्यावे म्हणून त्याच्याच भाषेत दगडावर कोरून ठेवावे, या व्यवस्थेत जो व्यवहारी शहाणपणा आहे तो आमच्या शिक्षणखात्याच्या आजवरच्या अनेक दरखास्तींत मला आढळलेला नाही.

या मठापूर्वी गणित हे घरचे होते. भास्कराचार्य आपले वडील महेश्वर यांच्यापाशी शिकले. भास्कराचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर हा राजा जैत्रपालाच्या सभेत विद्वानांचा अग्रणी झाला. लक्ष्मीधराचा पुत्र हा चांगदेव. ज्या घरात गणित होते त्या घरात जन्मलेल्या मुलाला गणित मिळाले आणि इतरांना मिळाले नाही, इतका हा हिशेब सरळ होता. चांगदेवाने घराची विद्या घराबाहेर एका वास्तूत आणून ठेवली आणि तिला गावाच्या उत्पन्नाशी जोडून दिली हे त्याचे ऋण मानले पाहिजे, मग ते दार प्रत्यक्षात कितीही थोड्यांसाठी उघडे असो. याच घराण्याच्या ज्या ग्रंथाचे नाव आबालवृद्धांच्या तोंडी आहे तो ‘लीलावती’ एका मुलीच्या नावाने प्रसिद्ध असावा, तिच्या लग्नाच्या हुकलेल्या मुहूर्ताची कथा अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरातून सर्वत्र पसरावी, आणि ग्रंथ रचल्यावर सातशे वर्षे कोणत्याही लीलावतीला गणित शिकविण्याची निकड समाजाला भासू नये, ही विसंगती आमच्याकडे कोणाला फारशी टोचलेली दिसत नाही.

पेशवाईच्या अखेरीस आणि इंग्रजी अमलाच्या आरंभी गावोगाव ज्या पंतोजींच्या शाळा होत्या त्यांच्याविषयी दोन परस्परविरुद्ध मते आढळतात, आणि दोन्ही खरी आहेत. मुंबई कौन्सिलचे सभासद प्रेंडरगास्ट यांनी १८२१ साली लिहून ठेवले की, या मुलुखात लहानमोठे असे क्वचितच एखादे गाव असेल जेथे निदान एक शाळा नाही, आणि मूठ दोन मुठी धान्यापासून महिना रुपयापर्यंतच्या मोबदल्यात तेथे मुलांना लिहिणे-वाचणे व हिशेब शिकविला जातो. धुळपाटीवर अक्षरे गिरवून झाली की मुलगा मोडीकडे आणि उजळणीकडे वळे. पाढ्यांच्या मागोमाग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी अशी अपूर्णांकांची कोष्टके सायंकाळी परवचा म्हणून तालासुरात घोकली जात. साडेतीनचा पाढा पाठ करण्यात बुद्धीचे काय हित आहे असे आजचा शिक्षणशास्त्री विचारील. परंतु चाळीस शेरांचा मण आणि सोळा आण्यांचा रुपया ज्या बाजारात चालत होता तेथे औटकी येणारा मुलगा सावकाराच्या खतावणीत फसत नसे आणि कुलकर्ण्याच्या दप्तरात नोकरीस लागे. जमाबंदी, वसूलबाकी, व्याजाची आकारणी यांसाठी माणसे तयार करणारा तो कारखाना होता, आणि त्या कामापुरता तो उत्तम होता.

मात्र या शाळेचा एक अनपेक्षित गुण असा की, चाळीस मुले एका सुरात परवचा म्हणत असता त्यांतील एखादा मुलगा जे घोकतो आहे त्याच्या पलीकडे पाहतो आहे, निमकीवरून पाऊणकी स्वतःच बांधतो आहे, पंतोजींच्या आधी उत्तर सांगून छडी खातो आहे, हे साऱ्या गावाला ऐकू जाई. अशा मुलास पुढे काय शिकवावे हे पंतोजींना ठाऊक नसे, कारण त्रैराशिकापलीकडे त्यांची स्वतःचीही मजल गेलेली नसे. वास्तविक याच ठिकाणी प्रश्न सुरू होतो आणि तो आजही तेथेच आहे: मुलाची बुद्धी गावाला दिसते, पण तिला पुरेल असे अन्न गावात नसते. अशा वेळी मुलाला कोणीतरी उचलून दुसरीकडे न्यावे लागते, आणि आमच्या इतिहासात हे उचलून नेण्याचे काम संस्थेपेक्षा नात्यागोत्याने आणि एखाद्या गुरूच्या नजरेने अधिक केलेले आहे.

पोंभुर्ल्याचे बाळ गंगाधर जांभेकर मुंबईस आले तेव्हा त्यांना थारा मिळाला तो सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांच्या घरी. बापू हे मुंबईच्या शिक्षणमंडळीचे चिटणीस. त्यांच्या परिसरात इंग्रजी ग्रंथ होते, कॅप्टन जॉर्ज जर्विस यांच्या देखरेखीखाली मराठीत उतरत असलेली गणिताची पुस्तके होती, आणि ज्यांना प्रश्न विचारता येईल अशी माणसे होती. पुढे ‘दर्पण’कार म्हणून कीर्ती पावलेल्या बाळशास्त्र्यांनी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये गणित शिकविले आणि शून्यलब्धीवर, म्हणजे ज्याला आता कलनशास्त्र म्हणतात त्यावर, मराठीत पुस्तक रचिले, याची आठवण पत्रकारदिनाच्या भाषणांत सहसा निघत नाही. त्यांच्या आणि प्रोफेसर ऑर्लिबार यांच्या हाताखाली आलेला मुलगा म्हणजे अलिबागजवळच्या नागावचा विनायक लक्ष्मण छत्रे, ज्यास पुढे सारा महाराष्ट्र केरूनाना म्हणून ओळखू लागला. १८२५ साली जन्मलेल्या, बालपणीच मातापितरांना मुकलेल्या आणि आप्तांच्या आश्रयाने मुंबईस राहिलेल्या या मुलाची गणितातील गती ऑर्लिबार यांनी हेरली, आणि १८४० साली, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, त्यास कुलाब्याच्या वेधशाळेत सहायक म्हणून नेमण्यात आले.

केरूनानांना दुसऱ्या एखाद्या वर्गात अधिक कठीण उदाहरणे सोडवीत बसविले नाही. त्यांना खरी उपकरणे, खरे वेध आणि खरी जबाबदारी देण्यात आली. चुंबकसूचीची आणि वायुभाराची टिपणे ठरल्या वेळी घ्यावयाची, त्यांची कोष्टके करावयाची, चूक झाली तर ती कोठे झाली हे शोधावयाचे, अशी सुमारे दहा वर्षे त्यांनी तेथे काढली. आणि मग पुण्याच्या कॉलेजात गणिताचे अध्यापक म्हणून आले तेव्हा त्यांच्या शिकविण्यात पुस्तकी कोरडेपणाचा लवलेश नव्हता असे त्यांचे विद्यार्थी सांगत. १८६० साली प्रसिद्ध झालेली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे त्या वेधशाळेतील तारुण्याचेच फळ होय. माझ्या मते, अल्पवयीन गणिती बुद्धीसाठी आमच्याकडे जे जे प्रयोग झाले त्यांत हा सर्वांत यशस्वी, आणि तो कोणत्याही योजनेचा भाग नव्हता.

परंतु त्याच दशकांत कोणासाठी दार बंद होते हेही सांगितले पाहिजे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने केलेला अर्ज मुंबई सरकारने नामंजूर केला. एका मुलास घेतल्याने बाकीची मुले शाळा सोडतील, हे त्याचे कारण. पंतोजींच्या शाळेच्या ओटीवरही त्या मुलास जागा नव्हतीच. त्याच्या जातीतील किती मुलांना पाऊणकी स्वतः बांधता आली असती याचा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

केरूनानांच्या शिष्यशाखेतून एक विलक्षण साखळी निघते. डेक्कन कॉलेजात त्यांच्यापाशी गणित शिकलेले बाळ गंगाधर टिळक पुढे फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर, १८९१ साली, गोखल्यांच्या आग्रहावरून त्यांच्या जागी आले धोंडो केशव कर्वे. या कर्व्यांच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. मुरूडहून सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी भर पावसात कुंभार्ली घाट चढून, शंभराहून अधिक मैल पायपीट करून ते साताऱ्यास पोहोचले, आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही या सबबीवर त्यांना परीक्षेस बसू देण्यात आले नाही. वयाची अट आणि बुद्धीची मजल यांचा मेळ बसत नाही ही तक्रार आज जे पालक करतात त्यांनी हे ध्यानी घ्यावे की साताऱ्याच्या त्या अंमलदारापुढे कर्व्यांजवळ वयाचा पुरावा मानावा असा फक्त स्वतःचा चेहरा होता.

ज्याला दारातून परतविले गेले त्यानेच पुढे दुसऱ्या एका मुलाचे दार उघडले. मुरूडजवळच्या मुर्डीचे, १८७६ साली जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे कर्व्यांचे जवळचे आप्त. दापोलीच्या पलीकडचे जग पाहण्यास त्यांना कर्व्यांचा आधार मिळाला, फर्ग्युसनमध्ये गणित मिळाले, आणि १८९६ साली हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती मिळून ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले. १८९९ साली ट्रायपॉस या तेथील गणिताच्या परीक्षेत ते जॉर्ज बर्टविसल यांच्यासमवेत सीनिअर रँग्लर, म्हणजे पहिल्या क्रमांकाचे, ठरले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. परत येऊन त्यांनी मोठ्या सरकारी पगाराची वाट सोडून फर्ग्युसनचे प्राचार्यपद पत्करिले आणि १९०२ पासून १९२० पर्यंत ते सांभाळिले.

या यशाचा महाराष्ट्राच्या मनावर जो परिणाम झाला तो पूर्णतः इष्ट होता असे मला वाटत नाही. ‘रँग्लर’ हे नावामागे लावावयाचे बिरुद झाले. रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी, रँग्लर नारळीकर ही नावे घरोघरी घेतली जाऊ लागली, आणि हिशेबात जरा चलाख दिसणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पाठीवर ‘हा आमचा रँग्लर’ अशी थाप पडू लागली. वास्तविक ट्रायपॉस ही वेगाची परीक्षा होती. ठरावीक वेळात ठरावीक तऱ्हेची उदाहरणे जो अधिक चपळाईने सोडवील तो अग्रस्थानी येई, आणि याच कारणास्तव केंब्रिजने स्वतः १९०९ नंतर क्रमांक जाहीर करणे बंद केले. आम्ही मात्र परीक्षेतील पहिल्या क्रमांकालाच गणित मानण्याची सवय तेथून उचलली आणि पुढे ती चौथीच्या व सातवीच्या स्कॉलरशिपपर्यंत इमानेइतबारे चालविली.

ज्याला त्या सवयीचा फारसा उपयोग झाला नाही असा एक माणूस देवळालीस होता. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूस झाला. वडील पेशाने कारकून, पण ज्योतिषाचे वेडे. कुंडल्या मांडण्याच्या निमित्ताने घरात जी आकडेमोड चाले तिनेच मुलाला संख्यांची गोडी लावली. फर्ग्युसनमध्ये असताना, १९२७ साली, त्यांना जे गणिताचे पारितोषिक मिळाले ते रँग्लर परांजप्यांच्याच नावाचे होते. पुढे १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीच्या शाळेत मास्तरकी केली. चार अंकांची कोणतीही संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झाले. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजाबाकी करा, आणि आलेल्या उत्तरावर हीच क्रिया करीत राहा. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि ६१७४ वर आलात की तेथून सुटका नाही. फार तर सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या याच मुक्कामास येते हे देवळालीच्या या मास्तरांनी दाखविले. गावोगावच्या शाळांत ते जात, फळ्यावर असे खेळ मांडत, आणि विद्वानांची मान्यता त्यांना फार उशिरा मिळाली. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले तेव्हा कोठे त्यांचे नाव जगभर झाले. संशोधक म्हणून त्यांची योग्यता किती हे तज्ज्ञांनी ठरवावे. परंतु वजाबाकीपलीकडे काहीही न येणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलाला गणिताच्या गाभाऱ्यात नेऊन उभे करणारे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही, आणि ते घालणारा माणूस एका साध्या गावातील शाळामास्तर होता.

नात्याने होणाऱ्या या संगोपनाचे सर्वांत रेखीव चित्र मिळते ते काशीस, एका मराठी घरात. रँग्लर विष्णु वासुदेव नारळीकर १९३२ पासून बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. त्यांचे चिरंजीव जयंत शाळकरी असताना मोरेश्वर हुजूरबाजार, म्हणजे मोरूमामा, शिकण्यासाठी त्यांच्या घरी राहावयास आले. घरातल्या फळ्यावर ते भाच्यासाठी एक प्रश्न लिहून ठेवीत. वर मथळा घालीत की हे जयंतला आव्हान आहे. आणि भाचा तो सोडवीपर्यंत किंवा हार कबूल करीपर्यंत तो प्रश्न पुसला जात नसे. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रात जयंतरावांनी हे मोठ्या जिव्हाळ्याने नमूद केले आहे. यात शिकवणी नाही, अभ्यासक्रम पुढे रेटणे नाही, गुण नाहीत, मुदत नाही. प्रश्न शाळेच्या पुस्तकातला नसे, तो लगेच सुटणारा नसे, आणि मोरूमामा घाई करीत नसत. गणिती मुलास काय द्यावे या विषयावर पुढे जे लिहिले गेले त्यातील बहुतेक सार त्या फळ्यावर आलेले होते.

आता अडचण अशी की प्रत्येक मुलाला मोरूमामा नसतो. स्वातंत्र्योत्तर काळात जे उपक्रम उभे राहिले त्यांच्याकडे मी याच दृष्टीने पाहतो. १९६२ साली पुण्यात डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी ज्ञानप्रबोधिनी स्थापिली आणि बुद्धिमान मुलांकडे हेतुपूर्वक लक्ष पुरविणे हा शिक्षणाचा विषय आहे असे महाराष्ट्राला प्रथमच उघडपणे सांगितले. १९७६ साली प्राध्यापक श्रीराम अभ्यंकर यांनी पुण्यातच भास्कराचार्य प्रतिष्ठान उभारले. अभ्यंकर स्वतः ग्वाल्हेरच्या गणिताध्यापकाचे पुत्र, म्हणजे घरच्या गणितावर वाढलेले. अमेरिकेत विख्यात झाल्यावर त्यांनी घराबाहेरच्या मुलांसाठी घर बांधिले, आणि त्यास नाव दिले ते ज्याच्या नातवाने हेच साडेसातशे वर्षांपूर्वी केले होते त्याचे. गणित अध्यापक मंडळांच्या प्रावीण्य व प्रज्ञा परीक्षा जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचल्या. १९८९ साली भारताचा संघ आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये प्रथम उतरला आणि १९९६ साली ती स्पर्धाच मुंबईत भरली. ऑलिंपियाडचे प्रश्न मोरूमामाच्या जातीचे आहेत, दीर्घकाळ मनात घोळविण्याचे आहेत; परंतु त्यांच्यासाठी निघालेल्या खाजगी वर्गांत तेच प्रश्न पुन्हा परवच्याच्या सुरात घोकून घेतले जातात अशी पालकांची तक्रार कानी येते, आणि तिच्यात तथ्य असावे.

या साऱ्यांत मला अधिक मोलाचा वाटतो तो मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९८० च्या दशकात केलेला एक लहानसा प्रयोग. केंद्राचे प्राध्यापक वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी महानगरपालिकेच्या शाळांत शिकणाऱ्या अनुसूचित जातींच्या मुलांमधून होतकरू मुले निवडिली आणि त्यांना नेमाने मार्गदर्शन केले. शालान्त परीक्षेत त्या मुलांनी जी मजल मारली तिने बुद्धीची वाटणी वस्तीवरून होत नाही हे दप्तरी नोंदविले. धारवाडच्या अर्जानंतर सव्वाशे वर्षांनी कोणीतरी त्या मुलाचा शोध घेण्यास निघाले, असे मी या प्रयोगाचे वर्णन करीन. लीलावतींचा शोधही असाच उशिरा सुरू झाला. मुंबई विद्यापीठाच्या एम. ए. परीक्षेत गणितात सर्वप्रथम आलेल्या मंगला नारळीकरांनी ‘गणितगप्पा’सारखी पुस्तके लिहून शेकडो घरांत गणित बोलते केले, परंतु त्यांच्या पिढीत अशी नावे हाताच्या बोटांवर मोजावी लागतात.

जे आहे ते बहुतांशी पुण्या-मुंबईत आहे. गडहिंग्लज, हिंगोली किंवा अक्कलकुवा येथील एखाद्या मुलीने तिसरीतच सातवीची उदाहरणे सोडविली तर तिच्या आईवडिलांना सांगितले जाते की तिला पुण्यास ठेवा, आणि ते न परवडणाऱ्या घरात विषय तेथेच संपतो. वास्तविक प्रत्येक तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय आहे, त्यात एक फळा टांगण्यास भिंत आहे, आणि निवृत्त झालेले दोन-चार गणितशिक्षक आहेत ज्यांची सायंकाळ मोकळी असते. त्यांच्यापैकी जे हे वाचत असतील त्यांना माझी विनंती आहे की, आठवड्यातून एकदा त्या फळ्यावर एक प्रश्न लिहावा, खाली स्वतःचे नाव घालावे, आणि कोणी मूल उत्तर घेऊन येईपर्यंत तो पुसू नये.